स्पेस गेमसाठी जॉयस्टिक घ्यायची का गेमपॅडवर भागवायचं: आधी पंधरा दिवस वही लिहा

"मामा, जॉयस्टिक घेऊ का रिमोट?" लातूरहून भाच्याचा फोन आला तेव्हा त्याचा पहिला पगार झालेला होता आणि दोन्ही वस्तू कार्टमध्ये टाकून बसला होता. आपल्याकडं गेमपॅडला अजून रिमोटच म्हणतात, तासावर पैसे देऊन व्हिडिओ गेमच्या दुकानात खेळायचो तेव्हापासूनचा शब्द आहे तो. मी म्हणलं थांब रे, आधी सांग खेळायलास काय आणि अडायलंय कुठं. तर म्हणला एलिट डेंजरस, अंतराळात जहाज उडवायचा गेम, कीबोर्ड-माउसवर, आणि अंतराळ स्टेशनच्या फटीतून आत शिरताना दोनदा गेलो तर एकदा आपटतोच.

त्या दिवशी फोनवर दीड तास जे बोललो तेच इथं नीट लिहून काढायलोय, कारण हाच प्रश्न नांदेड, परभणी, जालन्याची पोरं पण विचारतात आणि बहुतेकांनी तोवर यूट्यूबवर कुणाचा तरी दोन स्टिक, पायात पेडल, समोर तीन स्क्रीन असा सेटअप बघून मन पक्कं केलेलं असतं. दुसऱ्याचा सेटअप बघून खरेदी करू नका राव. तुमचा स्वतःचा हात नेमका कुठं कमी पडायलाय ते आधी शोधा आणि पैसे तिथंच घाला.

पहिलं काम, गेम काय मागतो ते बघा

स्पेस गेम म्हणलं की सगळे सारखेच वाटतात, पण तसं नाही. नो मॅन्स स्काय खेळत असाल तर स्टिकचा विचार सोडून द्या, त्यात अर्धा वेळ तुम्ही पायी फिरता, खोदता, घरं बांधता, तिथं गेमपॅडच बरा. स्टारफील्ड २०२३ ला आला, त्यात जहाज उडवायचं असलं तरी फ्लाइट स्टिकचा सपोर्टच दिलेला नाही. फ्रीलान्सर हा २००३ चा जुना गेम अजून कुणी लावत असेल तर तो माउससाठीच बनवलाय, जॉयस्टिक चालतच नाही. कर्बल स्पेस प्रोग्रॅममध्ये रॉकेट कीबोर्डवर उडवणारेच जास्त, तिथं हाताच्या सफाईपेक्षा गणित लागतं.

आता दुसरी बाजू. एलिट डेंजरस, २०१४ पासूनचा, दोन्हीवर मनापासून खेळता येतो, म्हणून खरा गोंधळ ह्याच गेमवाल्यांचा असतो. स्टार वॉर्स स्क्वाड्रन्स २०२० चा, त्यात कॉकपिटमधूनच लढायचं असतं आणि स्टिकचा फरक पहिल्या दिवशी कळतो. एक्स-फोर फाउंडेशन्समध्ये स्टिक चालते पण खेळ पुढं गेला की तुम्ही नकाशावर बसून ताफे हलवत राहता, मग स्टिक बाजूला पडते आणि हात माउसवर जातो. स्टार सिटिझनमध्ये जहाज सगळ्या दिशांना सरकवावं लागतं आणि तिकडचे जुने खेळाडू दोन हातात दोन स्टिक घेऊन बसतात.

कन्सोलवाल्यांनी एक लक्षात ठेवा, पीसीची स्टिक प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सला लावली तर चालत नाही. त्या-त्या कन्सोलसाठी बनवलेलीच घ्यावी लागते, डब्यावर नाव बघूनच पैसे द्या.

आता ॲक्सिस मोजा, इथंच बहुतेकांचं गणित चुकतं

जहाजाला सहा हालचाली असतात. तीन फिरण्याच्या: नाक वर-खाली म्हणजे पिच, नाक डावीकडं-उजवीकडं म्हणजे यॉ, आणि झोपेत कूस बदलल्यासारखं आडवं फिरणं म्हणजे रोल. तीन सरकण्याच्या: पुढं-मागं, डावीकडं-उजवीकडं, वर-खाली. ह्या सहाच्या सहा हालचाली कमी-जास्त करता आल्या पाहिजेत, नुसतं चालू-बंद नाही, कारण कीबोर्डचं बटण एक तर दाबलेलं असतं नाहीतर सुटलेलं असतं, मधलं काही नसतंच. अशी कमी-जास्त करता येणारी एकेक दिशा म्हणजे एक ॲक्सिस.

गेमपॅडवर दोन छोट्या काड्या, प्रत्येकीच्या दोन दिशा, झाले चार. वर दोन ट्रिगर, जे थोडं-जास्त दाबता येतात, झाले सहा. आता साधी एकटी जॉयस्टिक घ्या, लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो म्हणा, जी आपल्याकडं सगळ्यात जास्त लोकांकडं दिसते. पुढं-मागं, डावी-उजवी, मूठ पिळली की ट्विस्ट, आणि खाली बुडाशी एक छोटा थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा. किती झाले? चार. म्हणजे स्टिक आणली म्हणून ॲक्सिस वाढले नाहीत, उलट गेमपॅडपेक्षा दोन कमीच झाले. सरकण्याच्या हालचाली मग वरच्या टोपीसारख्या हॅट बटणावर टाकाव्या लागतात आणि ते परत चालू-बंदच. भाच्याला हे सांगितलं तर तो बराच वेळ गप्पच बसला, कारण त्याला वाटत होतं महाग आणि मोठी वस्तू म्हणजे सगळंच जास्त.

मग स्टिक देते काय? लांबी देते. गेमपॅडची काडी अंगठ्याखाली जेमतेम एखादा सेंटीमीटर हलते आणि तेवढ्यातच शून्यापासून पूर्णपर्यंत सगळं बसवलेलं असतं. स्टिकचं टोक चांगलं वीतभर फिरतं, मनगट आणि कोपरापर्यंतचा हात त्यात उतरतो, त्यामुळं दहा टक्के आणि पंधरा टक्के ह्यातला फरक हाताला कळतो. शिवाय अंगठा मोकळा राहतो. गेमपॅडवर अंगठा काडीवर असतो आणि बटणं पण अंगठ्यालाच दाबायची असतात, म्हणजे बटणाकडं गेलात की काडी सुटली. स्टिकवर जहाज मुठीत आणि बटणं बोटात, दोन्ही एकाच वेळी.

थ्रॉटलची गोष्ट वेगळी आहे आणि ती ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला लगेच कळते. ट्रॅक्टरचा हाताचा ॲक्सिलेटर तुम्ही जिथं ठेवता तिथंच राहतो, रोटाव्हेटर चालवताना एकदा लावून दिला की पाय मोकळा. होटास म्हणजे स्टिक आणि वेगळा थ्रॉटल असा जो जोड सेट मिळतो त्यातला थ्रॉटल तसाच, सोडला तरी जागेवर. गेमपॅडची काडी सोडली की मधे परत येते, स्प्रिंग आहे ना. एलिटमध्ये वेगाच्या पट्टीवर मधल्या भागात निळा पट्टा असतो आणि वेग त्या पट्ट्यात असताना जहाज सगळ्यात लवकर वळतं, म्हणजे लढाईत तिथंच टिकून राहायचं असतं. आता ही गोष्ट जागेवर राहणाऱ्या दांड्यावर किती सोपी आहे बघा. पण एलिटमध्येच पन्नास टक्के, पंच्याहत्तर टक्के वेग लावायची वेगळी बटणं देता येतात, ती गेमपॅडवर बसवली तर अर्धं काम तिथंच होतं, फुकटात.

पंधरा दिवसांची चाचणी

स्टिक घेणारच असं ठरवलेलं असलं तरी आधी गेमपॅड हातात घ्या. घरात नसेल तर मित्राचा आणा, कुणाकडं तरी असतोच. विकत घ्यावा लागला तरी तो वाया जात नाही, फुटबॉल, गाड्यांचे गेम, सगळ्याला लागतो.

सेटिंग असं करा. डेडझोन, म्हणजे काडी मधे असताना गेमनं दुर्लक्ष करायचा भाग, दहा टक्क्यांपासून सुरू करा आणि हळूहळू कमी करत जा, जहाज आपोआप एकीकडं झुकायला लागलं की एक पायरी परत वर. पिच आणि रोल एकाच काडीवर ठेवा. एलिटमध्ये यॉ मुद्दाम मंद ठेवलाय, नाक बाजूला ढकलत बसलात तर जहाज म्हशीसारखं वळतं, तर आधी कूस बदलायची आणि मग नाक ओढायचं, विमानासारखं. माउसवरून आलेली सगळी पोरं इथंच चुकतात, भाचा पण नाक बाजूला ढकलत होता म्हणूनच आपटत होता, त्याचा कीबोर्डशी संबंध नव्हता.

आणि मॉडिफायर वापरायला शिका. एक बटण दाबून धरायचं आणि मग दुसरं दाबायचं, असं केलं की दहा बटणांची वीस-पंचवीस होतात. वरची दोन खांद्याची बटणं ह्यासाठी ठेवा, कारण ती तर्जनीनं दाबली जातात आणि अंगठा काडीवरच राहतो.

आता शाळेतली दोनशे पानी वही असते तसली घ्या, पानावर मधे उभी रेघ मारा, एका बाजूला लिहा बोटं, दुसऱ्या बाजूला हात. बटणांपाशी अडलं तर बोटं, जहाज वळवताना किंवा धरून ठेवताना अडलं तर हात. खेळताना जिथं चिडचिड झाली तिथं लगेच एक ओळ, कुठल्या बाजूची ते ठरवून. हे कामून करायचं, तर पंधरा दिवसांनी आठवत काहीच नाही, नुसतं "मजा येत नाही राव" एवढंच उरतं आणि त्याच्यावर माणूस हजारो रुपये घालतो.

चार गोष्टी मुद्दाम करून बघा.

स्टेशनात दहा वेळा उतरा, जहाज आपोआप उतरवणारं ऑटो डॉकिंगचं कॉम्प्युटर काढून ठेवून. साडेसात किलोमीटरच्या आत आलात की परवानगी मागा, फटीच्या समोर या, हिरवे दिवे उजव्या हाताला आणि लाल डाव्या हाताला राहतील असं जहाज फिरवा, वेग शंभरच्या खाली ठेवा, आत गेल्यावर लँडिंग गिअर, म्हणजे जहाजाचे उतरायचे पाय, खाली. संभाजीनगरात मकाई गेटमधून ज्यांनी चारचाकी काढलीय त्यांना ह्या फटीतून जाताना काय वाटतं ते सांगावं लागत नाही, फरक एवढाच की इथं अख्खा दरवाजाच गोल फिरत असतो. मोठं जहाज असलं तर दोन्ही बाजूंनी जागाच उरत नाही. ही चाचणी रोल आणि सरकण्याची आहे.

दुसरी, फिक्स्ड गन लावून लढा. एलिटमध्ये गिंबल गन लक्ष्याकडं थोडी स्वतःच वळते, ती तुमच्या हाताची चूक झाकते, त्यामुळं तिच्यावर काहीच कळत नाही. फिक्स्ड गन नाकाच्या दिशेनंच मारते. निशाणा शत्रूवर किती सेकंद टिकतो ते बघा, आणि मुख्य म्हणजे निसटताना कसा निसटतो, एकदम उडी मारून का हळूहळू घसरत.

तिसरी, फ्लाइट असिस्ट, म्हणजे जहाज आपोआप सावरणारी गेमची मदत, बंद करून ग्रहाच्या कड्यातल्या एका दगडाभोवती चक्कर मारा, नाक सतत दगडाकडं ठेवून. पहिले दोन दिवस जमणार नाही, कुणालाच जमत नाही, पण ह्यात सहाही ॲक्सिस लागतात आणि तुमच्याकडं कुठला नाही ते उघडं पडतं.

चौथी साधी आहे, दोन तास सलग लांबचा प्रवास करा आणि उठल्यावर अंगठा, मनगट, खांदा, काय दुखतं ते लिहा. लांबच्या प्रवासात न्यूट्रॉन ताऱ्याच्या झोतातून जाऊन पण बघा, तिथं इंजिन भरून घेतलं की पुढची उडी चौपट लांब जाते पण जहाज चांगलंच हिसके खातं आणि हात शांत ठेवावा लागतो. मी हिंगोलीचा, आमच्या औंढ्याजवळ लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी मोजणारी, वेधशाळा व्हायलीय, २०२३ ला तिला केंद्राची मंजुरी मिळाली, असे न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले की त्याचा थरथराट तिथं मोजणार आहेत. त्या झोतातून जाताना मला दर वेळी ते आठवतं आणि लई भारी वाटतं.

वही वाचा

"गिअर टाकायला अंगठा उचलला आणि नाक सुटलं", "शील्ड सेलचं बटण आठवलंच नाही", "मेनू उघडला तोवर दोन गोळ्या खाल्ल्या", असल्या ओळी बोटांच्या. त्या जास्त असतील तर स्टिक घेऊन प्रश्न सुटत नाही. बटणं नीट लावा, मॉडिफायर बदला, नाहीतर मागं दोन किंवा चार बटणं असलेला गेमपॅड घ्या, जी मधल्या बोटानं दाबली जातात. नाहीतर व्हॉइसअटॅकसारखं सॉफ्टवेअर आहे, तोंडानं म्हणायचं आणि ते बटण दाबतं.

"निशाणा लक्ष्याच्या दोन्ही बाजूंना डुलतो, मधे थांबतच नाही", "अर्धा वेग धरून ठेवता येत नाही", "रोल करताना पिच पण लागतोच", ह्या हाताच्या ओळी. डुलणं असेल तर गेमपॅडवर सेन्सिटिव्हिटीचा कर्व्ह बदलून बघा, मधल्या भागात मऊ आणि टोकाला कडक, स्टीम ह्या गेमच्या ॲपमधल्या स्टीम इनपुट सेटिंगमध्ये हे करता येतं. आठवडाभर त्याच्यावर खेळूनही ओळी तशाच येत राहिल्या तर तुम्हाला स्टिक लागते, बिनधास्त घ्या. फक्त वेगाच्याच तक्रारी असतील तर जागेवर राहणारा थ्रॉटल पाहिजे. आणि दगडाच्या चकरेत सरकण्याच्याच तक्रारी निघाल्या तर एकटी स्टिक अजिबात घेऊ नका, एक तर छोटी काडी असलेला थ्रॉटल घ्या, नाहीतर दोन स्टिक.

हात तर दोन्ही बाजूंनी दुखत नाही, खेळ मजेत चाललाय, ओळीच कमी आहेत, असं असेल तर पैसे ठेवा. त्यात रॅम येते.

स्टिक घ्यायचीच ठरली तर

सेन्सर बघा. स्वस्त स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, आत कार्बनच्या पट्टीवर एक काटा घासत फिरतो, आवाजाच्या जुन्या बटणात असायचा तसाच. घासून घासून आणि धूळ जाऊन तो बिघडतो, निशाणा आपोआप थरथरतो. हॉल सेन्सरमध्ये लोहचुंबक असतं, काही घासत नाही, त्यामुळं तो कितीतरी जास्त टिकतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये कूलरचं दमट वारं आणि वरून माती, ह्यात पोटेन्शिओमीटरचे हाल होतात, तेव्हा जमलं तर हॉलवाली घ्या. थ्रस्टमास्टरची टी-सोळा-हजार-एम ह्यासाठीच लोकांना आवडते, आणि ती डाव्या हातासाठी पण बदलता येते, म्हणजे पुढं दुसरी घेऊन दोन हातांचा सेट होतो. एक बारीक गोष्ट, काही स्टिकमध्ये मुख्य दोन ॲक्सिसला हॉल असतो आणि ट्विस्टला मात्र साधाच पोटेन्शिओमीटर, आणि आधी तोच जातो. गेमपॅडमध्ये पण आता हॉलच्या काड्या यायल्यात. कुठलीही घ्या, खेळून झालं की वरून सुती रुमाल टाका.

सेकंडहँड घेणार असाल तर लॅपटॉप घेऊन जा. विंडोजमध्ये रनमध्ये जॉय डॉट सीपीएल टाकलं की गेम कंट्रोलरची खिडकी उघडते. स्टिक सोडून द्या आणि खुणेकडं बघा, थरथरते का, मधे येते का. मग अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्या, मधेच उडी मारली तर ती घेऊ नका. ट्विस्ट दोन्हीकडं पिळून बघा. मी एकदा हे न करता घाईत घेतली, घरी येऊन बघतो तर डावीकडचा यॉ मेलेला, गेलेले पैसे गेलेच.

बसायची जागा ही गोष्ट कुणी सांगत नाही आणि निम्म्या स्टिक ह्याच कारणानं कपाटावर जातात. आपल्या घरातलं टेबल लिहायच्या उंचीचं, त्याच्यावर वीतभर उंच स्टिक ठेवली की खांदा उचलला जातो आणि अर्ध्या तासात मान भरून येते. कोपर काटकोनात राहिलं पाहिजे, म्हणजे स्टिकचं बूड टेबलापेक्षा खाली, मांडीच्या उंचीला. सुताराकडून प्लायचा दीड-दोन फुटाचा तुकडा कापून घ्या, त्याच्यावर स्टिक स्क्रूनं किंवा जाड वेल्क्रोनं बसवा आणि खुर्चीच्या हातांवर आडवा ठेवा. प्लॅस्टिकच्या खुर्चीचे हात गोल असतात, तिथं खाली दोन पट्ट्या ठोकायला सांगा म्हणजे घसरत नाही. स्टिक हलली तर तिच्यातल्या सेन्सरचा काही उपयोग नाही. ज्यांना पलंगावर टेकून खेळायची सवय आहे त्यांनी गेमपॅडच ठेवावा, हे मी मनापासून सांगतोय.

लावल्यावर आधी विंडोजमध्ये कॅलिब्रेट करा, हॉलवाली असेल तर डेडझोन दोन-तीन टक्क्यांवर आणा. एकदम चाळीस बटणं बसवू नका, पहिल्या दिवशी पिच, रोल, ट्विस्टवर यॉ, ट्रिगरवर गन आणि हॅटवर सरकणं, बास. बाकी डावा हात कीबोर्डवर. गेम सुरू करायच्या आधी स्टिक लावा, एलिटला सुरू होताना एखादं यंत्र सापडलं नाही तर तुमची सेटिंग उघडतच नाही, डीफॉल्टवर जातो आणि माणसाला वाटतं सगळं पुसलं गेलं. लाइट गेली-आली की हे हमखास होतं. ॲपडेटा, लोकल, फ्रंटियर डेव्हलपमेंट्स, एलिट डेंजरस, ऑप्शन्स, बाइंडिंग्स असं आत गेलात की तुमची फाइल असते, तिची कॉपी पेनड्राइव्हवर ठेवा.

आणि पहिला आठवडा तुम्ही गेमपॅडपेक्षा वाईट खेळाल. अंगठ्याची सवय मनगटाला यायला वेळ लागतो. तेवढ्यावरून स्टिक परत करू नका, फिक्स्ड गनची चाचणी आठव्या दिवशी परत घ्या आणि वहीतल्या जुन्या ओळींशी ताडून बघा.

भाच्यानं तेव्हा गेमपॅडच घेतला, मागं बटणं असलेला. रोल करून वळायला शिकला आणि चार दिवसात आपटायचा थांबला. वही मात्र त्यानं सोडली नाही, परवा पानाचा फोटो पाठवला, फिक्स्ड गनच्या सलग सहा ओळी आणि सहाच्या सहा हाताच्या बाजूला. संभाजीनगरला एकजण हॉलवाली स्टिक विकायलाय, रविवारी आम्ही दोघं जाणार आहोत, लॅपटॉप चार्ज करून ठेव म्हणलंय त्याला.